अकरा एकांचा भागाकार

बहात्तरच्या दुष्काळात मी एकवीस वर्षांची होते. चाकूर आणि शिरूर अनंतपाळच्या मधल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. शाळा चौथीपर्यंत, खोल्या दोन आणि शिक्षकही दोनच. एक मी, दुसरे आमचे हेडमास्तर.

हेडमास्तर उदगीरचे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, वडील घड्याळं दुरुस्त करायचे. निजामाच्या काळात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालं होतं. गणितात हुशार म्हणून पुढं हैदराबादला पाठवायचं ठरलं होतं. मग सगळंच बदललं आणि जायचं राहून गेलं. त्यांनी मराठी शिकून घेतली, मास्तरकी धरली आणि खेड्याखेड्यांतून पोरांना पाढे शिकवत पन्नाशीला आले. मला ते ‘बाई’ म्हणत, मी त्यांना ‘सर’.

त्या वर्षी आईबाप दुष्काळी कामावर जाताना लेकरांनाही बरोबर नेत. पटावर साठ पोरं होती, शाळेत सहा-सात यायची. दुपारी सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन झाली की तीही लिंबाखाली पेंगायची. मग आम्हां दोघांना काही काम उरायचं नाही. मी भिंतीला टेकून बसायचे. हेडमास्तर मात्र रोज दुपारी मांडीवर पाटी घेऊन काहीतरी भागाकार करत. एक झाला की पाटी पुसत, शेजारच्या वहीत एक आकडा टिपत आणि दुसरा मांडत. पंधरा दिवस मी बघितलं आणि मग विचारलं.

त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली. तिच्यावर ओळीनं अकरा वेळा ‘एक’ लिहिला होता. वाचा म्हणाले. मी उजवीकडून स्थानं मोजली आणि वाचलं: अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा.

ते खूश झाले. मग त्यांनी सांगितलं. दोन एक लिहिले की अकरा होतात, आणि अकराला कशानंच भाग जात नाही. तीन एकांचे एकशे अकरा, ते तीननं आणि सदतीसनं फुटतात. चार एक अकरानं फुटतात. पाच एक कशानं फुटतात ते त्यांनी शाळकरी वयात शोधलं होतं, एक्केचाळीसनं. सात एकांना दोनशे एकोणचाळीसनं भाग जातो हे कळायला त्यांना एक आख्खी सुट्टी लागली होती. सहा, आठ, नऊ, दहा यांचं काही नवल नाही. एकांची गणतीच फुटणारी असली की संख्याही फुटते. म्हणजे दोननंतर तपासण्याजोगी उरली ती अकरा एकांची.

‘‘ही फुटत न्हाई असं मला वाटून राहिलंय,’’ ते म्हणाले. ‘‘पण वाटून काय उपयोग? तक्सीम करून बघायला पाहिजे.’’

तक्सीम म्हणजे भागाकार. बोलताना गणिताचे शब्द त्यांच्या तोंडी उर्दूच येत. मूळ संख्येला, म्हणजे जिला एक आणि स्वतःखेरीज कशानंच भाग जात नाही तिला, ते मुफरद म्हणत. त्यांनी आधी एका जाड वहीत सगळ्या मूळ संख्या चाळून काढल्या होत्या, एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत. त्याच्या पुढं जायची गरज नव्हती, कारण कुठलीही संख्या दोन भागांत फुटते तेव्हा त्यातला लहान भाग तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. अशा मूळ संख्या वहीत दहा हजारांच्या आसपास होत्या. प्रत्येकीनं त्या अकरा एकांना भागायचं आणि बाकी टिपायची. एकदा जरी बाकी शून्य आली तर संख्या फुटली. एकदाही नाही आली तर ती मुफरद. तीन-चार वर्षांत ते एकवीस हजारांपर्यंत पोचले होते.

मला ते ऐकून हसू आलं नाही. उलट असं काही रोज करायला असणाऱ्या माणसाचा हेवा वाटला. मी म्हणाले, मलाही द्या. त्यांनी जरा विचार केला आणि एकवीस हजार ते बावीस हजार यांच्या मधल्या शंभरेक मूळ संख्या माझ्याकडे दिल्या. कागद जपून वापरायचा म्हणून भागाकार पाटीवर करायचा आणि वहीत फक्त बाकी उतरवायची, हा त्यांचा नेम मलाही लागू झाला. वहीतले त्यांचे आकडे उर्दू वळणाचे होते. त्यांच्या खाली आता माझे बाळबोध आकडे सुरू झाले.

दोन महिने मी ते काम मनापासून केलं. एक दिवस सोडून.

गावात पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. वेळ ठरलेली नसायची. त्या दिवशी चुकला की पुढचे तीन दिवस शेजारी मागत फिरायचं. मी एकटी खोली घेऊन राहत होते आणि मागायची मला फार लाज वाटे. त्या दुपारी सर तालुक्याला गेले होते. शाळेत माझा भागाकार चालू असताना भोंगा ऐकू आला. शेवटचे दोनच आकडे खाली घ्यायचे राहिले होते. मी पाटी खिडकीत ठेवली आणि घागर घेऊन धावले. रांगेत तास गेला, भांडणं झाली, कुणाच्या तरी हंड्याचा काठ मनगटाला लागून सोललं. परत येताना शाळा बंद करायला म्हणून तशीच आत गेले, भरली घागर खिडकीत टेकवली, आणि पाणी हिंदकळून पाटीवर सांडलं. खडूचं सगळं पांढरं पाणी झालं.

नव्यानं करायला दहा मिनिटं लागली असती. शेवटी लिहिलेली बाकी मात्र माझ्या डोळ्यांपुढं होती, ८४४३. मी वही उघडली आणि तोच आकडा त्या भाजकापुढं लिहून टाकला. शून्य तर नक्कीच येणार नव्हतं. आतापर्यंत कुठं आलं होतं? मग बाकी कितीही असली तरी काय फरक पडणार होता, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी विचारलं, कालचं झालं का. मी झालं म्हणाले. त्यांनी वही बघितलीसुद्धा नाही. भाजक कोणता होता हे मीही लक्षात ठेवलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि पोरं शाळेत परत आली. मग माझं लग्न होऊन बदली नांदेडला झाली. हेडमास्तर त्याच गावात राहिले आणि तिथूनच निवृत्त होऊन उदगीरला गेले. दिवाळीला माझं पत्र जायचं, ईदेला त्यांचं यायचं. त्यात खुशालीखाली एक ओळ ठरलेली असे. साठ हजार ओलांडले, ऐंशी हजार ओलांडले, खुदाच्या मेहेरबानीनं अजून फुटलेली नाही.

नांदेडला मी नोकरी सांभाळून सकाळच्या कॉलेजात नाव घातलं आणि गणित घेऊन पदवी केली. तिथं एक प्राध्यापक होते, फार कमी बोलणारे. त्यांना मी एकदा त्या अकरा एकांबद्दल विचारलं. त्यांनी हसून एक कागद ओढला आणि मला समजावून सांगितलं. एखाद्या मूळ संख्येनं दहाला भागून बाकी बघा. मग शंभराला, मग हजाराला, असं पुढं पुढं जात राहा. बाक्या फिरून पुन्हा पहिल्या ठिकाणी येतात. अकरा एकांना जिनं भाग जाईल तिचा हा फेरा बरोबर अकरा पावलांचा असतो. आणि फेरा कितीही पावलांचा असो, त्या मूळ संख्येतून एक वजा केला की उरणाऱ्या आकड्याला तो पावलांचा आकडा निःशेष भागतो. म्हणजे तुमच्या संख्येला जिनं भाग जाईल अशी जी कुणी असेल, तिच्यातून एक काढला तर उरलेल्याला अकरानं भाग जायलाच हवा. ती विषम असणार, म्हणून बावीसनंही.

‘‘बावीसनं भागून बाकी एक उरत नसेल,’’ ते म्हणाले, ‘‘तर तिच्या वाटेला जायचंच नाही.’’

मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. दहा भाजकांतले नऊ त्या एका ओळीनं गळून पडत होते. सरांना हे कळवायला हवं असं सारखं वाटे. पण पत्रातून लिहिलं तर त्यांना कसं वाटेल, याचा अंदाज येईना. त्यात दोन वर्षं गेली.

मग ब्याऐंशी साली उस्मानाबादचे तालुके तोडून लातूर जिल्हा झाला. आमचं मूळ गाव लातूरकडचं, म्हणून मी नांदेडहून इकडं बदली मागितली आणि ती मिळालीही. पण नव्या जिल्ह्याच्या शिक्षण खात्यात तेव्हा टेबलं यायची होती, शिक्के बनायचे होते. कोणत्या शाळेवर जायचं त्याचा हुकूम महिनाभर निघाला नाही. रोज दहाला जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं आणि पाचला घरी यायचं. माझ्यासारखे आणखी वीसेकजण होते. कोपऱ्यात जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेले कोरे फॉर्म गठ्ठ्यानं पडले होते. आता ते कुणाच्याच कामाचे नव्हते. शिपायाला विचारून मी त्यातला एक गठ्ठा घेतला, पाठकोऱ्या बाजूला अकरा एक लिहिले आणि बावीसच्या नियमानं अगदी पहिल्यापासून भागायला सुरुवात केली.

तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद. तीन, पाच, सात, तेरानं जाणारे मी गाळत होते. तरी पहिल्या एकवीस-बावीस हजारांतच चारशेच्या वर भाजक होते. रोज पंधरा-वीस व्हायचे. बाकावरच्या मंडळींना वाटायचं, मी पगाराचा फरक काढतेय.

चौथ्या आठवड्यात मी २१६४९ घेतला. पहिला आकडा पाच बसला. मग एक, तीन, दोन, तीन. शेवटी खाली आले १९४८४१. नवानं गुणून बघितलं, नेमके तितकेच आले. बाकी काही उरली नाही. मी पुन्हा मांडलं, तेच आलं. मग उलट गुणलं, २१६४९ गुणिले ५१३२३९. अकरा एक ओळीनं उभे राहिले.

मला इतका आनंद झाला की शेजारच्या बाईंचा हात मी घट्ट धरला. त्या दचकल्या. तो आनंद पाच मिनिटं टिकला असेल. मग मनात आलं, एकवीस हजार तर सरांनी केव्हाच मागं टाकलेत. मग लगेच आठवलं की एकवीस ते बावीस हजार सरांनी केलेच नव्हते. ते माझ्याकडे होते. खिडकीतली घागर आठवली.

रविवारी मी उदगीरची एसटी धरली. पत्र टाकून कळवावं असं एकदा मनात आलं होतं. पण मग ते त्यांनी एकट्यानं वाचलं असतं.

हेडमास्तर साठीचे झाले होते. दाढी पांढरी, चष्म्याचा नंबर वाढलेला. मला बघून त्यांना फार बरं वाटलं. भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा ठेवला आणि सांगितलं की दहा वर्षं झाली, सकाळी दोन तक्सीम झाल्याशिवाय हे चहाला हात लावत नाहीत. सर आतून वह्या घेऊन आले. सत्त्याण्णव हजारांवर आले होते. वर्ष-दीड वर्षात काम संपेल, मग एक कागद नीट लिहून कुठल्या तरी विद्यापीठाला पाठवावा असं त्यांच्या मनात होतं. मराठीत लिहावा की इंग्रजीत, हे ते मला विचारत होते.

मी म्हणाले, सर, बहात्तरची वही काढता का. त्यांनी काढली. उर्दू आकड्यांच्या रांगा संपून माझं बाळबोध अक्षर लागलं. बोट फिरवत मी खाली आले. २१६४९, बाकी ८४४३.

‘‘ही बाकी खोटी आहे,’’ मी म्हणाले. ‘‘मी केलेला भागाकार पुरा झाला नव्हता.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाटी घेतली आणि अकरा एक मांडले. ते एकेक पायरी सावकाश करत होते आणि मी समोर बसून होते. चौथ्या आकड्यानंतर पाटीवर ८४४३ आले. तिथं ते थांबले. वहीकडे बघितलं, पुन्हा पाटीकडे बघितलं.

‘‘इथंवर आला होता तुम्ही,’’ ते म्हणाले.

मी होय म्हणाले. त्यांनी उरलेले दोन एक खाली घेतले. बाकी शून्य आली. ती त्यांनी लिहिली, तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि पाटी मांडीवर ठेवली. भाभी कप न्यायला आल्या आणि दारातूनच परत गेल्या.

त्या दिवशी काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. मी टँकर सांगितला, घागर सांगितली, सांडलेलं पाणी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘पाण्याला गेलात ते बरोबर,’’ ते म्हणाले. ‘‘बाकी लिहिली ते बरोबर न्हाई.’’

मला रडू येत होतं, पण तिथं रडणं म्हणजे त्यांच्यावरच समजूत घालायचं ओझं टाकणं झालं असतं. बहात्तरनंतर त्यांनी केलेले जवळजवळ सात हजार भागाकार माझ्या एका आकड्यामुळं झाले होते. मी पर्समधून प्राध्यापकांचा कागद काढला आणि बावीसचा नियम सांगू लागले. त्यांनी हातानंच थांबवलं. आज नको, ठेवून जा, म्हणाले. मला निरोप द्यायला ते दारापर्यंत आले नाहीत. भाभी आल्या.

तीन आठवडे काही कळलं नाही. मला औसा रस्त्यावरच्या एका शाळेचा हुकूम मिळाला, मी हजर झाले. शिकवताना फळ्यावर साधा भागाकार मांडला तरी मी तो उलट गुणून पुन्हा तपासायचे. मग एक दिवस शाळेच्या पत्त्यावर कार्ड आलं. ते मी जपून ठेवलंय. त्यात मायना, खुशाली काही नव्हतं. लिहिलं होतं की कागद वाचला, तीनदा वाचल्यावर समजला. मोठा भाग, ५१३२३९, या नियमानं बारा भागाकारांत तपासला, तो मुफरद आहे. तेरा एकांना हाच कायदा सव्वीसचा लागतो, ते पहिल्याच भागाकारात त्रेपन्ननं फुटले. आता सतरा एक घेतले आहेत, त्यांना चौतीसचा कायदा. ‘आठवड्याला दोन मी करीन, दोन तुम्ही करा. नुसती बाकी पाठवू नये. पूर्ण भागाकार पाठवावा.’

चार वर्षं आमची कार्डं चालली. सतरा आकड्यांचा भागाकार कार्डाच्या एका बाजूवर जेमतेम मावायचा. त्यांचा मी तपासायचे, माझा ते तपासायचे. माझ्या दोन चुका त्यांनी पकडल्या आणि त्यांची एक मी पकडली. तेव्हा त्यांनी उलट टपाली फक्त ‘मंजूर’ असं लिहून पाठवलं. मध्ये दोनदा मी उदगीरला जाऊन आले. एकदा धीर करून विचारलं, ते सात हजार भागाकार वाया गेले, याचं तुम्हाला काय वाटतं.

‘‘वायाच गेले की,’’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘‘पण त्या वक्ताला मी हैदराबादेत असतो तरी हेच करत बसलो असतो.’’

सव्वा लाखाच्या जरा पुढं आम्ही पोचलो होतो तेव्हा त्यांची दृष्टी गेली. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मला कळवलं ते भाभींनी, दुसऱ्या कुणाकडून तरी कार्ड लिहून घेऊन.

बऱ्याच वर्षांनी नांदेडला एका ग्रंथालयात मला अशा एकांच्या संख्यांचं छापील कोष्टक मिळालं. सतरा एकांना २०७१७२३ नं भाग जातो. मी एकानं कमी करून चौतीसनं भागून बघितलं, बरोबर होतं. मग तिथल्याच टेबलावर बसून भागाकार पूर्ण केला आणि परतताना वाट वाकडी करून उदगीरला उतरले.

भाभी थकल्या होत्या, पण ओळखलं त्यांनी. मी सांगितलं की ती सतरावाली फुटली. कितीनं, त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला, वीस लाखांवरचा. मग त्यांनी विचारलं की त्या चालीनं तुम्हां दोघांना तिथं पोचायला किती दिवस लागले असते. मी म्हणाले, आणखी चाळीस वर्षं तरी. त्यांनी मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जेवून जाणार ना, असं विचारलं. मी हो म्हणाले आणि त्यांच्या मागं आत गेले.